घर सोडताना कार्पेट साफ करून देणं: भाडेकरूची जबाबदारी नेमकी कुठपर्यंत?

कार्पेट असलेलं भाड्याचं घर सोडायची वेळ आली की मालकाकडून किंवा एजंटकडून एक ईमेल येतो. चाव्या कधी द्यायच्या, बिलं कधीपर्यंत भरायची वगैरे सगळं त्यात असतं आणि मध्येच एक ओळ असते, की कार्पेट प्रोफेशनल कंपनीकडून साफ करून पावती जोडा नाहीतर खर्च डिपॉझिटमधून कापला जाईल. बहुतेक लोक ती ओळ वाचतात आणि गपचूप पैसे भरून मोकळे होतात, कारण सामान बांधायचं असतं, नव्या घराचं बघायचं असतं, आणि त्या गडबडीत कार्पेटवरून वाद घालायची ताकद कुणात उरलेली नसते. विशेषतः शिकायला गेलेली मुलं आणि नुकतेच नोकरीसाठी दुसऱ्या देशात आलेले लोक, ज्यांना तिथले नियम माहीत नसतात, ते तर प्रश्नच विचारत नाहीत. मला हे बघून फार वाईट वाटतं, कारण बऱ्याच वेळा हे पैसे द्यायची गरज नसते, आणि ज्यांना खरंच द्यायला हवेत त्यांनाही जेवढे लावलेले असतात तेवढे देणं लागत नाही.

मुळात कार्पेटच्या बाबतीत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि डिपॉझिटच्या हिशोबात त्या एकाच ओळीत घुसडल्या जातात. घाण, झीज आणि नुकसान. घाण म्हणजे धूळ, माती, केस, सांडलेल्या कॉफीचा डाग, जे साफ केल्यावर निघतं, ते काढून द्यायचं काम तुमचं. झीज म्हणजे नेहमीसारखं राहिल्यामुळे कार्पेट जेवढं जुनं होतं ते, इंग्रजी लीजमध्ये ज्याला नॉर्मल वेअर अँड टेअर म्हणतात, आणि ते मालकाच्या खात्यात जातं, कारण घर भाड्याने देण्याच्या धंद्यातला तो खर्चच आहे आणि भाडं त्यासाठीच घेतलेलं असतं. नुकसान म्हणजे इस्त्रीने जळलेला तुकडा, ब्लीच सांडून उडालेला रंग, प्राण्याने कुरतडलेली कड, याचे पैसे तुम्ही द्यायचे, पण नव्या कार्पेटची पूर्ण किंमत नाही, जुन्या कार्पेटचं जेवढं आयुष्य शिल्लक होतं तेवढ्यापुरते. तुमच्या बिलातली प्रत्येक ओळ यातल्या कुठल्या खात्यात बसते ते आधी ठरवा, मग पुढचं बोलणं खूप सोपं होतं.

आता झीज आणि घाण यातला फरक डोळ्याला पटकन कळत नाही, तिथेच खरी गोची आहे. दारातून सोफ्यापर्यंत, सोफ्यापासून किचनपर्यंत, जिथून रोज पाय पडतात तिथे कार्पेटवर एक काळपट चपटा पट्टा तयार होतो आणि बघणाऱ्याला वाटतं की या लोकांनी कधी साफच केलं नाही. पण तिथे काय होतं ते बघा, बुटांबरोबर आलेली बारीक वाळू धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसते, वरून पाय पडला की ती धाग्यांवर घासते आणि धाग्यांवर बारीक ओरखडे पडतात, मग उजेड नीट परावर्तित व्हायच्या ऐवजी विखुरतो आणि तो भाग मळकट दिसायला लागतो. माती काढली तरी ओरखडे तसेच राहतात, कितीही महागडं मशीन आणा. शिवाय पॉलिएस्टरचं कार्पेट असेल तर ते नायलॉनपेक्षा लवकर दबतं आणि एकदा बसलं की परत नीट उभं राहत नाही, हे कार्पेट निवडलं कोणी तर मालकाने. अंदाज घ्यायला एक साधी गोष्ट करता येते, पांढरा सुती कपडा थोडा ओला करून त्या पट्ट्यावर दाबून घासायचा. कपडा काळा झाला तर घाण आहे, साफ करा. कपडा पांढराच राहिला आणि पट्टा तसाच दिसतोय तर ती बहुधा झीज आहे, आणि तो कपडा आणि पट्टा एकाच फोटोत घेऊन ठेवा.

दुसरी एक गोष्ट तर फारच कमी लोकांना माहीत असते. भिंतीच्या कडेने, स्कर्टिंगला लागून, आणि बंद राहणाऱ्या दाराच्या खाली कार्पेटवर एक सरळ काळी रेघ दिसते. ती कुणी काही सांडल्यामुळे येत नाही. घरातली हवा भिंतीखालच्या आणि दाराखालच्या फटीतून सतत ये-जा करत असते, त्या वाटेवर कार्पेट असतं, त्यामुळे हवेतली धूळ आणि काजळी तिथे गाळली जाते आणि वर्षानुवर्षं साठत राहते. इंग्रजीत याला फिल्ट्रेशन सॉइलिंग म्हणतात, आणि कार्पेट साफ करणाऱ्या कुठल्याही अनुभवी माणसाला विचारा, तो सांगेल की ही रेघ पूर्णपणे काढणं अवघड असतं. (घरात मेणबत्त्या किंवा धूप फार जळत असेल तर ती लवकर आणि जास्त काळी होते, तेवढं मान्य करायला हवं.) ओळखीतल्या एका जोडप्याला बेडरूमच्या दाराखालच्या अशाच रेघेचे पैसे “कायमचा डाग” म्हणून लावले होते. त्यांच्याकडे घरात शिरतानाचा फोटो होता, त्यात तीच रेघ फिकट पण स्पष्ट दिसत होती, आणि जिथे दार उघडंच असायचं त्या खोलीत रेघ नव्हती. दोन्ही फोटो आणि दोन ओळींचं स्पष्टीकरण पाठवल्यावर ती कपात मागे घेतली गेली.

फर्निचरच्या पायांचे खड्डे, खिडकीतल्या उन्हाने उडालेला रंग, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेवर विरळ झालेले धागे, हे सगळं झीज या खात्यात. सिगारेटचे चटके, नेलपॉलिश, मेण, फाटलेली शिवण, प्राण्यांची लघवी आत पॅडपर्यंत, म्हणजे कार्पेटखालच्या मऊ थरापर्यंत गेलेली, हे नुकसान. मुरुमांवर लावायची जी क्रीम असते ना, ज्यात बेंझॉइल पेरॉक्साइड असतं, ती हाताला लागून कार्पेटवर पडली तर तिथला रंग उडतो आणि काही दिवसांनी नारंगी-पिवळट ठिपके दिसायला लागतात, लोक ते डाग समजून घासत बसतात पण तो डाग नसतोच, रंगच गेलेला असतो, तो घासून परत येत नाही. हे माहीत असेल तर निदान त्यावर आणखी चार केमिकल टाकून जास्त बिघडवणार तरी नाही.

बरं, साफ करायचं तर किती? याचं उत्तर बहुतेक ठिकाणच्या कायद्यात जवळपास सारखंच आहे, की तुम्ही आत आलात तेव्हा घर जेवढं स्वच्छ होतं तेवढंच स्वच्छ करून द्यायचं, नेहमीची झीज सोडून. कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल कोडचं कलम 1950.5 नेमकं हेच सांगतं, की मालक साफसफाईसाठी डिपॉझिटमधून पैसे घेऊ शकतो पण फक्त घर सुरुवातीच्या स्वच्छतेच्या पातळीला आणण्यापुरते. म्हणजे तुम्हाला घर मिळालं तेव्हाच कार्पेटवर डाग असतील तर जाताना ते शोरूमसारखं करून द्यायची जबाबदारी तुमची नाही. उलट तुम्हाला चकाचक, नुकतंच शाम्पू केलेलं कार्पेट मिळालं असेल तर नुसतं व्हॅक्युम मारून चालेलच असं नाही.

त्यामुळे सगळी भिस्त घरात शिरतानाच्या पुराव्यावर असते. कंडिशन रिपोर्ट किंवा इन्व्हेंटरी नावाचा जो कंटाळवाणा कागद पहिल्या दिवशी हातात देतात, तो लोक न वाचता सही करून टाकतात आणि तिथेच पैसे जातात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये तो रिपोर्ट तुमच्या शेऱ्यांसकट परत द्यायला राहायला आल्यापासून 7 दिवस मिळतात, ते दिवस वापरा. प्रत्येक खोलीच्या कार्पेटचा पूर्ण फोटो, मग डागांचे जवळून फोटो, डाग केवढा आहे ते कळायला शेजारी नाणं किंवा पट्टी, आणि ते सगळं त्याच दिवशी मालकाला ईमेल करून टाका म्हणजे तारखेचा वाद होत नाही. हे सामान आत यायच्या आधी करायचं, नंतर सोफ्याखाली काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही.

आता लीजमधल्या त्या ओळीकडे येऊ, की “प्रोफेशनल क्लीनिंग करून पावती द्यावी”. अशी ओळ लीजमध्ये आहे म्हणजे ती लागू होतेच असं नाही, कारण काही ठिकाणी कायदाच अशा ओळीला मान देत नाही, आणि तुम्ही सही केली असली तरी नाही. इंग्लंडमध्ये टेनंट फीज अ‍ॅक्ट 2019 आला, तो 1 जून 2019 पासून नव्या करारांना आणि 1 जून 2020 पासून सगळ्याच करारांना लागू झाला, आणि त्यानंतर मालक किंवा एजंट तुम्हाला प्रोफेशनल क्लीनिंगचे पैसे भरायला किंवा ठराविक कंपनीच लावायला सांगू शकत नाही. घर प्रोफेशनल दर्जाचं स्वच्छ असावं एवढं मागू शकतो, पण ते तुम्ही स्वतः केलं की कंपनीकडून, हा तुमचा प्रश्न. न्यू साउथ वेल्समध्ये रेसिडेन्शियल टेनन्सीज अ‍ॅक्ट 2010 च्या कलम 19 मध्ये शेवटी कार्पेट प्रोफेशनली साफ करून द्यायची किंवा त्याचे पैसे द्यायची अट घालायलाच बंदी आहे, घरात प्राणी पाळल्यामुळे तशी सफाई करावी लागत असेल तर मात्र अपवाद. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात 29 मार्च 2021 पासून थोडं वेगळं आहे, तिथे तुम्ही यायच्या लगेच आधी प्रोफेशनल क्लीनिंग झालं होतं आणि तुम्हाला तसं सांगितलं होतं, किंवा घर मूळ स्थितीत आणायला ते लागणारच आहे, तरच मागता येतं.

अमेरिकेत राज्याराज्यात फरक आहे. वॉशिंग्टन राज्यात 2023 च्या दुरुस्तीनंतर मालकाने नेहमीच्या वापरापेक्षा जास्त झीज झाल्याचं कागदोपत्री दाखवलं नाही तर कार्पेट क्लीनिंगसाठी डिपॉझिटमधून काहीच ठेवता येत नाही. कॅलिफोर्नियात 2025 मध्ये लागू झालेल्या एबी 2801 या कायद्याने दोन चांगल्या गोष्टी केल्या. एक म्हणजे घर सुरुवातीच्या स्थितीत आणायला खरंच गरज असल्याशिवाय प्रोफेशनल कार्पेट क्लीनिंगचे पैसे लावायचे नाहीत. दुसरं म्हणजे फोटो, 1 एप्रिल 2025 पासून घर ताब्यात आल्यावर दुरुस्ती किंवा सफाई करायच्या आधीचे आणि नंतरचे फोटो मालकाने काढायचे, आणि 1 जुलै 2025 पासून सुरू होणाऱ्या भाडेकरारांना सुरुवातीचेही काढायचे. दुसरीकडे अशीही राज्यं आहेत जिथे लीजमध्ये स्पष्ट लिहिलं असेल तर ती अट चालते, म्हणून आपल्या राज्याचं किंवा शहराचं भाडेकरूंसाठीचं सरकारी पान उघडून बघितल्याशिवाय मालकाला तावातावाने ईमेल करू नका.

आणि सगळीकडे भाडेकरूच्या बाजूनेच नियम आहेत असंही समजू नका. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात सरकारची मार्गदर्शक सूचना सांगते की एक वर्ष राहिलेल्या भाडेकरूने जाताना कार्पेट स्टीम क्लीन किंवा शाम्पू करून द्यावं अशी साधारण अपेक्षा आहे, आणि घरात मोकळा फिरणारा प्राणी असेल किंवा कुणी सिगारेट ओढत असेल तर किती दिवस राहिलात याने फरक पडत नाही, करायचंच. मला हा नियम अन्यायाचा वाटत नाही, उलट आधीच स्पष्ट सांगितलेलं असतं म्हणून बरा वाटतो. त्रास होतो तो न सांगता शेवटी बिल फाडणाऱ्यांचा.

आता पैशाचा हिशोब, जिथे सर्वात मोठी रक्कम हातातून जाते. समजा तुमच्याकडून कार्पेटचं खरंच नुकसान झालं, दुरुस्त होण्यासारखं नाही, बदलावंच लागणार. मालक नव्या कार्पेटचं कोटेशन तुमच्या हातात ठेवतो. तेवढे द्यायचे नाहीत. कार्पेटला ठराविक आयुष्य असतं आणि त्यातलं जेवढं संपलंय तेवढं मालकाने आधीच वापरून घेतलेलं आहे. कॅलिफोर्निया सरकारच्या भाडेकरू मार्गदर्शिकेत याचं सरळ उदाहरण होतं: कार्पेटचं आयुष्य 10 वर्षं, भाडेकरूने खराब केलं तेव्हा ते 8 वर्षं जुनं, तशाच दर्जाचं नवं कार्पेट 1,000 डॉलरचं, तर भाडेकरूकडून फक्त 200 डॉलर घेता येतात, कारण 10 पैकी 2 वर्षंच उरली होती. ब्रिटिश कोलंबियाच्या सूचनांतही कार्पेटचं आयुष्य 10 वर्षं धरतात. अमेरिकेच्या आयकर खात्याच्या नियमात तर भाड्याच्या घरातल्या कार्पेटचा घसारा 5 वर्षांतच काढून टाकता येतो, अर्थात तो हिशोब टॅक्सचा, डिपॉझिटच्या वादात तो जसाच्या तसा लागू होत नाही, पण कार्पेट ही कायम टिकणारी वस्तू नाही हे सरकारही मानतं हे त्यातून दिसतं.

म्हणून मालकाला विचारायचा पहिला प्रश्न हा की कार्पेट कोणत्या वर्षी बसवलं, आणि त्याची पावती आहे का. हा प्रश्न सभ्यपणे पण लेखी विचारा. मी तर म्हणेन की घरात शिरतानाच विचारून रिपोर्टमध्ये लिहून घ्या, तेव्हा कुणी लपवत नाही. आणि दुसरं, एका खोलीत एक चटका पडला म्हणून अख्ख्या घराचं कार्पेट बदलायचा खर्च तुमच्यावर घालता येत नाही. लहान चटका असेल तर कपाटाच्या आतून, जिथे दिसत नाही तिथून कार्पेटचा तुकडा कापून तो पॅच बसवता येतो, कार्पेट बसवणारे लोक हे काम नेहमी करतात आणि नीट केलं तर शोधूनही सापडत नाही. पण हे मालकाला विचारल्याशिवाय स्वतः करायला जाऊ नका.

साफ करायचं ठरलं तर कसं करायचं, तेही सांगते, कारण अर्धवट माहितीने लोक कार्पेट जास्त खराब करतात. आधी वरची सगळी कामं उरका, पंखे, कपाटांचे माथे, खिडक्या, भिंती, कारण ती सगळी धूळ खालीच पडते. सामान पूर्ण बाहेर गेल्यावर कार्पेट सगळ्यात शेवटी. वीज आणि पाणी त्या दिवशी चालू आहे ना ते बघा, खूप लोक घर सोडायच्या तारखेच्या आधीच कनेक्शन बंद करतात आणि क्लीनिंगवाला मशीन घेऊन दारात उभा राहतो. व्हॅक्युम नीट, सावकाश, दोन दिशांनी मारायचा, कोरडी माती जितकी आधी निघेल तितकं चांगलं, ती ओली झाली की चिखल होतो आणि मुळाशी जाऊन बसतो. डागावर केमिकल टाकायच्या आधी कपाटात कोपऱ्यात थोडंसं लावून बघायचं. डाग घासायचा नाही, पांढऱ्या कपड्याने टिपायचा, कडेकडून मध्याकडे, नाहीतर पसरतो आणि धागे फुलून तिथे कायमचा रखरखीत गोल दिसतो.

ज्याला सगळे स्टीम क्लीनिंग म्हणतात त्यात बऱ्याचदा वाफ नसते, गरम पाणी दाबाने आत सोडून लगेच ओढून घेतात. बरेच कार्पेट बनवणारे हीच पद्धत करायला सांगतात आणि भाड्याने मिळणारी मशीनसुद्धा याच पद्धतीची असतात. भाड्याच्या मशीनने करणार असाल तर दोन गोष्टी हमखास चुकतात, साबण जास्त पडतो आणि पाणी जास्त पडतं. साबण राहिला की कार्पेट चिकट होतं आणि काही आठवड्यांत पुन्हा मळतं. पाणी जास्त झालं तर खालचं पॅड भिजतं, वास येतो, बुरशी धरू शकते. म्हणून साबणाचा एक फेरा झाला की नुसत्या पाण्याचा एक, आणि मग पाणी न सोडता नुसतं ओढून घ्यायचे दोन-तीन फेरे. खिडक्या उघड्या, पंखा चालू, वाळायला अर्धा दिवस ते एक दिवस धरून चाला. आणि वाळल्यावर परत बघा, कारण खोल गेलेला डाग ओलाव्याबरोबर वर चढतो आणि साफ झालंय असं वाटलेली जागा दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळट दिसते. चाव्या द्यायच्या सकाळी कार्पेट साफ केलं तर हे तुम्हाला कळणारच नाही, मालकाला मात्र कळेल. निदान दोन दिवस हातात ठेवा.

कुत्रा-मांजर असेल तर सगळा हिशोब थोडा बदलतो, वरच्या नियमांतही ते दिसलंच. लघवीचा वास साध्या शाम्पूने जात नाही, वाळला की गेल्यासारखा वाटतो आणि दमट हवेत परत येतो, कारण युरिक अ‍ॅसिडचे कण तिथेच असतात. त्यासाठी एन्झाइमवाला क्लीनर लागतो आणि तो बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ओला ठेवावा लागतो. अंधार करून यूव्ही टॉर्चने बघितलं तर कुठे कुठे आहे ते दिसतं. पॅडपर्यंत गेलं असेल तर प्रोफेशनल माणूस बोलवा, तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.

कंपनीकडून करून घेतलं तर पावतीवर घराचा पत्ता, तारीख, किती खोल्या आणि कोणत्या पद्धतीने केलं हे लिहून घ्या. नुसतं “क्लीनिंग” लिहिलेली पावती पुढे वाद झाला तर फारशी उपयोगी पडत नाही. आणि एखादा डाग निघत नाही असं क्लीनिंगवाल्याने सांगितलं तर तेही लिहून घ्या, म्हणजे तुम्ही प्रयत्न केला हे तरी दिसतं.

शेवटची पाहणी शक्यतो मालकाबरोबर करा. कॅलिफोर्नियात तर भाडेकरूला घर सोडायच्या आधीच्या दोन आठवड्यांत पाहणी मागायचा हक्क आहे, आणि त्यात मालकाने काय काय दुरुस्त करावं लागेल याची यादी द्यायची असते, म्हणजे ते स्वतः करून पैसे वाचवायची संधी मिळते. ही सोय असून लोक वापरत नाहीत. मालक आला नाही तर व्हिडिओ काढा, दारापासून सुरुवात करून प्रत्येक खोली, दिवसा उजेडात, कार्पेटवर कॅमेरा तिरका धरून, आणि ज्या कोनातून शिरताना फोटो काढले होते त्याच कोनातून परत फोटो.

नवा पत्ता मालकाला लेखी द्यायला विसरू नका, हे छोटं वाटतं पण बऱ्याच ठिकाणी घड्याळ तिथूनच सुरू होतं. टेक्ससमध्ये नवा पत्ता लेखी दिल्याशिवाय मालकावर डिपॉझिट किंवा हिशोब पाठवायचं बंधन येत नाही. ब्रिटिश कोलंबियात घर सोडल्याची तारीख आणि पत्ता दिल्याची तारीख यातली जी नंतरची असेल तिथून 15 दिवसांत मालकाने डिपॉझिट परत तरी करायचं किंवा वाद नोंदवायचा, नाहीतर दुप्पट द्यावं लागू शकतं. बाकी मुदती अशा: कॅलिफोर्नियात 21 दिवस, न्यूयॉर्कमध्ये 14, टेक्सस आणि वॉशिंग्टन राज्यात 30. या मुदतीत कपातीचा तपशीलवार हिशोब यायला हवा, आणि कॅलिफोर्नियात दुरुस्ती आणि सफाईची कपात 125 डॉलरच्या वर असेल तर बिलांच्या प्रतीही जोडाव्या लागतात. इंग्लंडमध्ये डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ठेवलेलं असतं, तिथे वाद फुकट सोडवून मिळतो, आणि कपात का करायची हे सिद्ध करायचं काम मालकाचं असतं, तुमचं नाही. तिथे निर्णय देणारे आधी आणि नंतरचे रिपोर्टच बघतात, त्यामुळे मालकाकडे सुरुवातीचा रिपोर्टच नसेल तर त्याची बाजू फार लंगडी पडते.

कपातीचं पत्र आलं आणि पटलं नाही तर फोनवर बोलू नका, लिहा. चिडून नाही, सरळ. साधारण असं: “दिनांक अमुकच्या हिशोबात कार्पेट क्लीनिंगसाठी इतकी रक्कम कापली आहे. सोबत घरात येतानाचे आणि सोडतानाचे फोटो आणि क्लीनिंगची पावती जोडली आहे. दिवाणखान्यातला पट्टा नेहमीच्या वापराची झीज आहे. कार्पेट कोणत्या वर्षी बसवलं, आणि ही रक्कम कशी काढली, त्याची बिलं पाठवावीत. इतक्या तारखेपर्यंत रक्कम परत न मिळाल्यास मी तक्रार दाखल करेन.” तारीख घाला, ज्या कायद्याचं कलम तुम्हाला लागू होतं त्याचा उल्लेख करा, बस. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण समोरच्याला कळतं की याला नियम माहीत आहेत. नाही मिटलं तर अमेरिकेत छोट्या रकमांचे वाद सोडवणारं स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे, जिथे कॅलिफोर्नियात तर वकील न घेता स्वतःच उभं राहायचं असतं, आणि तिथे मालकाने बदनियतीने पैसे अडकवले असं ठरलं तर डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत वेगळा दंडही बसू शकतो. न्यू साउथ वेल्समध्ये असे वाद ऐकणारं ट्रिब्युनल, म्हणजे न्यायाधिकरण आहे. इथे जायला घाबरण्यासारखं काही नाही, आणि व्हिसावर राहणारा माणूस मालकाविरुद्ध तक्रार करू शकत नाही अशी जी समजूत पसरलेली आहे ती चुकीची आहे, भाडेकरूचे हे हक्क नागरिकत्व बघून मिळत नाहीत.

चार जण मिळून राहत असाल तर एक गोष्ट आधीच करा. बहुतेक एकत्र लीजमध्ये डिपॉझिट सगळ्यांचं मिळून एकच असतं आणि मालकाला कोणाच्या खोलीत डाग पडला याच्याशी देणंघेणं नसतं, तो एकूण रकमेतून कापतो. मधेच एक जण सोडून जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, आणि शेवटी जो उरतो त्याच्या गळ्यात सगळं पडतं. त्यामुळे कुणी आलं किंवा गेलं की त्या दिवशी त्या खोलीच्या कार्पेटचे फोटो काढून सगळ्यांच्या ग्रुपवर टाका, आणि जाणाऱ्याला डिपॉझिटचा त्याचा हिस्सा नव्या माणसाकडून द्यायच्या आधी ते फोटो दोघांनीही बघून मान्य केल्याचं तिथेच लिहून घ्या.